लयकारिकांचे काम डोळ्यांनी पाहण्यासाठी: कांदा, यीस्ट आणि पॅरामेशियम यांवरील प्रयोग

लयकारिकांविषयी (लायसोसोम, पेशीतील पाचक विकरांच्या पिशव्या) शालेय वाचनात चार-पाच ओळींपलीकडे फारसे काही येत नाही, आणि ज्या ओळी येतात त्यांतील ‘आत्मघाती पिशव्या’ हे दोन शब्दच वर्षानुवर्षे लक्षात राहतात. त्यामुळे लयकारिका म्हणजे पेशीच्या मरणाशी जोडलेली काहीतरी गोष्ट, असा समज घट्ट होतो. प्रत्यक्षात निरोगी पेशीत हे अंगक अखंड कामात असते. झिजलेली प्रथिने, निकामी झालेल्या तंतुकणिका आणि पटलांचे तुकडे मोडून त्यांतील अमिनो आम्ले, मेदाम्ले व शर्करा ते पेशीला पुन्हा वापरण्यासाठी परत देते. हे काम पाहण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागते असे नाही. पुण्यातील कोणत्याही शाळेत असणारा साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक, एक कांदा, बेकरीचे कोरडे यीस्ट आणि दोन रंगद्रव्ये एवढ्या सामग्रीवर त्यातील महत्त्वाचे टप्पे पाहता येतात. पुढील मार्गदर्शन आठवी ते बारावीचे शिक्षक, पदवीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आणि घरी सूक्ष्मदर्शक बाळगणारे जिज्ञासू वाचक यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. प्राणिपेशीतील लयकारिका बहुधा एक मायक्रोमीटरपेक्षाही लहान असते आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून ती एकेकटी ओळखता येत नाही. वनस्पतींच्या आणि यीस्टच्या पेशीत मात्र हेच काम मोठी रिक्तिका करते. तिच्यातही आम्लधर्मी द्रव असतो, तिच्यातही पाचक विकरे असतात आणि पेशीतील जुने भाग तिच्यातही आणून मोडले जातात. म्हणून आपण कांद्यात आणि यीस्टमध्ये जे पाहणार आहोत ते लयकारिकेच्या समकक्ष अंगकाचे काम आहे, असे विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणे सांगावे आणि वहीतही तसेच लिहून घ्यावे.

प्रयोगापूर्वी समजून घ्यावयाची यंत्रणा

लयकारिकेच्या आत सुमारे ६० प्रकारची विकरे असतात. ती प्रथिने, मेद, शर्करेच्या लांब साखळ्या आणि न्यूक्लिइक आम्ले यांचे पाण्याच्या साहाय्याने विघटन करतात. ही विकरे आम्लधर्मी परिस्थितीतच नीट काम करतात. लयकारिकेच्या आतील सामू साधारणपणे ४.५ ते ५ असतो, तर तिच्याभोवतीच्या पेशीद्रव्याचा सामू ७.२ च्या आसपास असतो. म्हणजे आतील हायड्रोजन आयनांचे प्रमाण बाहेरच्या शंभरपटीहून अधिक असते. हा फरक आपोआप टिकत नाही. लयकारिकेच्या पटलात बसवलेला एक पंप एटीपी (पेशीचे ऊर्जावाहक रसायन) खर्च करून हायड्रोजन आयन सतत आत ढकलत असतो. या व्यवस्थेत दुहेरी सुरक्षा आहे, आणि ती मला या विषयातील सर्वांत विचार करण्याजोगी बाब वाटते: पटल शाबूत असेल तर विकरे बाहेर येत नाहीत, आणि पटलाला थोडीशी गळती लागून काही विकरे बाहेर आलीच तरी पेशीद्रव्याच्या उदासीन सामूत त्यांचा जोर बराच ओसरतो.

या अंगकाचा शोधही पटलाच्या या बंदिस्तपणामुळेच लागला. बेल्जियममधील लूव्हाँ येथे क्रिस्तियाँ द द्यूव्ह हे १९४९ मध्ये उंदराच्या यकृतातील साखरेच्या चयापचयाशी संबंधित विकरांचा अभ्यास करत होते. त्यांनी मोजलेल्या आम्ल फॉस्फटेज या विकराची क्रिया अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी भरली. तेच नमुने पाच दिवस शीतकपाटात ठेवून पुन्हा मोजले, तेव्हा ती कितीतरी वाढलेली आढळली. विकर नष्ट झाले नव्हते. ते कुठल्यातरी पिशवीत बंद होते, आणि दरम्यानच्या काळात पिशव्यांची पटले खराब झाल्याने ते मोकळे झाले होते. १९५५ मध्ये या पिशव्यांना लायसोसोम हे नाव मिळाले आणि १९७४ मध्ये द द्यूव्ह यांना अल्बेर क्लोद व जॉर्ज पलादे यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

जुना भाग लयकारिकेपर्यंत कसा पोहोचतो, हा यापुढचा प्रश्न. पेशीत प्रथम एक चपटे, वाटीसारखे दुहेरी पटल तयार होते. ते वाढत जाऊन निकामी तंतुकणिकेला किंवा पेशीद्रव्याच्या एखाद्या भागाला सर्व बाजूंनी वेढते आणि त्याची तोंडे जुळून बंद पुटिका बनते. ही पुटिका लयकारिकेला जाऊन मिळते, आतले पटल आणि आतला माल दोन्ही विघटित होतात, आणि सुटे झालेले लहान रेणू लयकारिकेच्या पटलातील वाहक प्रथिनांमधून पेशीद्रव्यात परततात. या सगळ्या क्रियेला स्वभक्षण म्हणतात. पोषण भरपूर असेल तेव्हा ते मंद चालते आणि उपासमार होऊ लागली की वेग घेते. हा निर्णय घेणारा एमटॉर हा प्रथिनसमूह, अमिनो आम्ले पुरेशी असताना, लयकारिकेच्याच पृष्ठभागावर येऊन बसतो. जिथे जुन्याचे विघटन होऊन अमिनो आम्ले सुटी होतात, तिथेच त्यांच्या उपलब्धतेची नोंद घेतली जाते.

पहिला प्रयोग: कांद्याच्या पेशीतील आम्लधर्मी रिक्तिका

यासाठी न्यूट्रल रेड हे रंगद्रव्य लागते. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात ते लहान बाटलीत मिळते आणि एक बाटली अनेक वर्षे पुरते. ०.१ ग्रॅम रंगद्रव्य १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून मूळ द्रावण करावे. वापरण्याच्या वेळी त्यातील एक मिलिलिटर नऊ मिलिलिटर नळाच्या पाण्यात मिसळावे. येथे नळाचे पाणी सुचवण्यामागे कारण आहे: या प्रयोगाला किंचित अल्कधर्मी पाणी लागते आणि ऊर्ध्वपातित पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून थोडे आम्लधर्मी होत जाते. पाण्याचा सामू पट्टीने तपासून घ्यावा. तो ७.५ ते ८ या दरम्यान असल्यास उत्तम. कमी भरल्यास खाण्याच्या सोड्याचे दोन-चार कण टाकून तो तेवढा करून घ्यावा.

मार्केट यार्डातून किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून आणलेला ताजा, कोंब न फुटलेला कांदा घ्यावा. तो उभा चिरून एक जाड पाकळी वेगळी करावी आणि तिच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलावा. बाहेरच्या बाजूचा पापुद्रा टाळावा. लाल कांद्यात तेथील पेशींत अँथोसायनिन हे नैसर्गिक रंगद्रव्य आधीच असते, त्यामुळे दिसणारा लाल रंग नेमका कशाचा हे सांगता येत नाही. शिवाय बाहेरच्या पापुद्र्यातील रिक्तिकांत न्यूट्रल रेडला बांधून ठेवणारी इतर द्रव्येही असतात. पापुद्र्याचे पाच-सहा मिलिमीटरचे चौकोनी तुकडे करून ते रंगाच्या द्रावणात दहा ते पंधरा मिनिटे बुडवून ठेवावेत, नंतर साध्या नळाच्या पाण्यात हलवून धुवावेत आणि काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून आच्छादन काच घालावी.

दहापट वस्तुभिंगातून पाहिल्यावर विटांसारख्या रचलेल्या पेशी दिसतात, आणि प्रत्येक पेशीचा जवळजवळ सगळा आतला भाग चेरीसारखा लाल झालेला असतो. चाळीसपट वस्तुभिंगावर गेल्यावर रंगीत रिक्तिकेभोवती पेशीद्रव्याची रंगहीन, पातळ कड आणि तिच्यात एका बाजूला सरकलेले केंद्रक ओळखता येते. फोल्डस्कोप या कागदी सूक्ष्मदर्शकाची सुमारे १४० पट क्षमताही रंगीत रिक्तिका पाहण्यास पुरेशी आहे. केंद्रकाभोवतीचे बारकावे मात्र त्यात अवघड जातात.

रंग रिक्तिकेतच का गोळा होतो, हे समजल्याशिवाय हे निरीक्षण अपुरे राहते. न्यूट्रल रेड हे सौम्य अल्क आहे. किंचित अल्कधर्मी पाण्यात त्याचे बहुतेक रेणू विद्युतभाररहित असतात, आणि असे रेणू पटलांमधून सहज पार होतात. रिक्तिकेत शिरल्यावर मात्र तेथील आम्लतेमुळे त्यांना हायड्रोजन आयन चिकटतो, ते धनभारित होतात आणि भारित रेणूला पटल ओलांडून परत जाता येत नाही. म्हणून रंग आत साठत जातो, आणि त्याची आम्लधर्मी अवस्था लाल असल्याने रिक्तिका लाल दिसते. मलेरियावरील क्लोरोक्वीन हे औषधही याच तत्त्वाने लयकारिकांत अडकते आणि तेथील आम्लता कमी करते. म्हणूनच पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळांत स्वभक्षण रोखून धरण्यासाठी ते वापरले जाते.

आता तीन तुलनात्मक निरीक्षणे करावीत. त्यांच्याशिवाय या प्रयोगाला अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नुसते लाल रंगाचे चित्र काढून काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या तुलनेसाठी पापुद्र्याचा एक तुकडा उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून मग रंगवावा. या मृत पेशींत रिक्तिका लाल होत नाही. पटले फुटलेली असतात, आम्लता विखुरलेली असते, आणि रंग केंद्रकावर व पेशीभित्तिकेवर चढतो. दुसऱ्या तुलनेसाठी रंगाच्या द्रावणात व्हिनेगरचा एखादा थेंब टाकून त्याचा सामू ५ च्या जवळ आणावा आणि त्यात जिवंत पापुद्रा ठेवावा. आता रंगाचे रेणू बाहेरच भारित झालेले असल्याने आत शिरू शकत नाहीत; ते ऋणभारित पेशीभित्तिकांना चिकटतात, आणि लाल जाळ्यात रंगहीन पेशी असे अगदी उलटे चित्र दिसते. पेशी तीच, रंग तोच, फक्त बाहेरचा सामू बदलला; वर्गात सर्वांत जास्त प्रश्न या जोडीवर विचारून घ्यावेत.

तिसऱ्या तुलनेसाठी नेहमीप्रमाणे लाल झालेल्या पापुद्र्याच्या काचपट्टीवर आच्छादन काचेच्या एका कडेला पाच टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवावा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घ्यावा. काही मिनिटांत पेशीतील पाणी बाहेर जाते आणि लाल रिक्तिका आक्रसून पेशीभित्तिकेपासून दूर होते, त्याबरोबर रंग अधिक गडद दिसतो. त्यामुळे रंग भित्तिकेत नसून आतल्या बंदिस्त जागेत आहे, हे निर्विवादपणे कळते. महाविद्यालयात, हवा खेळती असलेल्या जागी आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली, मिठाऐवजी अत्यंत विरल अमोनियाचा थेंब वापरून पाहावा: अमोनिया पटलांतून आत शिरतो, आम्लता नाहीशी करतो आणि लाल रिक्तिका पिवळसर होते.

दुसरा प्रयोग: पचनाचा क्रम पाहणे

कांद्यात आम्लता दिसते, पण पचन घडताना दिसत नाही. ते पॅरामेशियम या पाण्यातील एकपेशीय जीवात दिसते. येथे एक भेद ध्यानात ठेवावा: पॅरामेशियम बाहेरून गिळलेले अन्न पचवतो, स्वतःचे जीर्ण भाग नव्हे. परंतु शेवटच्या टप्प्यावर काम करणाऱ्या लयकारिका दोन्हीकडे त्याच आहेत.

मूठभर वाळलेले गवत किंवा भाताचा पेंढा अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटे उकळून गार करावा आणि त्यात साचलेले नैसर्गिक पाणी पेलाभर मिसळावे. पुण्यात पाषाण तलावाच्या कडेचे किंवा वेताळ टेकडीवरील जुन्या खाणीतले पाणी, तळाशी कुजलेली पाने असतील अशा जागेवरून घेतलेले, उपयोगी पडते. मुठा नदीचे शहरातील पाणी मुलांच्या हाती देऊ नये. भांडे झाकण अर्धवट ठेवून सावलीत ठेवल्यास साधारण आठवड्याभरात पृष्ठभागालगत पॅरामेशियम आढळू लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत थोडे अधिक दिवस द्यावे लागतात. घट झाल्यास नळाचे पाणी घालता येते, मात्र त्यातील क्लोरीन निघून जावे म्हणून ते आदल्या रात्री उघड्या भांड्यात ठेवलेले असावे.

एक ग्रॅम कोरडे यीस्ट दहा मिलिलिटर पाण्यात कालवून त्यात काँगो रेड हे रंगद्रव्य अगदी चिमूटभर घालावे आणि दहा मिनिटे उकळावे. काँगो रेड आरोग्यास अपायकारक असल्याने ही तयारी शिक्षकांनीच हातमोजे घालून करावी, त्याची भुकटी उडू देऊ नये आणि स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. गार झालेल्या लाल यीस्टमध्ये दात कोरण्याची काडी बुडवून तिचे टोक पॅरामेशियम असलेल्या थेंबाला लावावे. हालचाल मंदावण्यासाठी कापसाचे दोन-तीन धागे पसरून मग आच्छादन काच ठेवावी.

काँगो रेड सामू ५ च्या वर लाल आणि ३ च्या खाली निळे असते. पॅरामेशियमच्या मुखखाचेच्या टोकाशी नव्या अन्नपुटिका सुटताना दिसतात. त्या सुरुवातीला लाल-नारिंगी असतात, काही मिनिटांत जांभळट आणि मग निळ्या होतात, आणि पेशीत फिरत राहून पुन्हा लालसर होतात. प्रथम आम्ल वाहून आणणाऱ्या लहान पुटिका अन्नपुटिकेला मिळतात, म्हणून ती निळी होते. त्यानंतर लयकारिका मिळून आपली विकरे तिच्यात सोडतात आणि पुढे आम्लता हळूहळू कमी होते. एकाच पुटिकेवर नजर ठेवून दर मिनिटाला तिचा रंग लिहून काढणे हे या प्रयोगाचे खरे काम आहे. त्याला चिकाटी लागते, म्हणून विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात: एकाने पाहावे, दुसऱ्याने वेळ सांगून नोंद करावी.

तिसरा प्रयोग: उपाशी यीस्ट

यीस्टच्या रिक्तिका एक ते तीन मायक्रोमीटरच्या असतात, त्यामुळे येथे चारशेपट वर्धन किमान हवे आणि तेलात बुडवण्याचे शंभरपट वस्तुभिंग असल्यास अधिक चांगले. यीस्टचे दोन गट करावेत. एका गटाला यीस्ट अर्क, पेप्टोन आणि ग्लुकोज असलेले माध्यम द्यावे. दुसऱ्याला फक्त दोन टक्के ग्लुकोजचे पाणी द्यावे. दुसऱ्या गटाला ऊर्जा मिळते, पण नायट्रोजन मिळत नाही, आणि स्वतःची जुनी प्रथिने मोडून अमिनो आम्ले मिळवण्यावाचून त्या पेशींना गत्यंतर राहत नाही. चार-पाच तासांनी दोन्ही गटांतील पेशी धुवून, वर सांगितलेल्या किंचित अल्कधर्मी न्यूट्रल रेडमध्ये दहा मिनिटे ठेवाव्यात. धुण्याची पायरी गाळू नये, कारण वाढत्या यीस्टमुळे माध्यम आम्लधर्मी होते आणि मग रंग आत जात नाही. वाढणाऱ्या पेशींत रिक्तिका बहुधा लहान व अनेक भागांत विभागलेली, तर उपाशी पेशींत एकच मोठी गोल रिक्तिका दिसते. निदान पन्नास पेशी पाहून दोन्ही प्रकारांची मोजणी करावी. एखाद-दुसऱ्या पेशीवरून निष्कर्ष काढू नये.

साध्या यीस्टमध्ये रिक्तिकेत आलेला माल इतक्या वेगाने विघटित होतो की तो पाहायला मिळत नाही. टोकियो विद्यापीठात योशिनोरी ओसुमी यांनी यावर जो उपाय शोधला तो आजही अभ्यासण्यासारखा आहे. त्यांनी रिक्तिकेतील प्रथिनपाचक विकरे नसलेले उत्परिवर्तित यीस्ट घेतले आणि ते उपाशी ठेवले. विघटन थांबले, पण माल येत राहिला, आणि थोड्याच वेळात रिक्तिका लहान गोल पुटिकांनी भरून गेली. त्या आत थरथरत हलताना साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकातून दिसत होत्या. हे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले, पुढच्या वर्षी स्वभक्षणास आवश्यक असलेल्या जनुकांत बिघाड असलेली १५ उत्परिवर्तिते त्यांच्या गटाने जाहीर केली आणि २०१६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षानंतर उपवासाचे तास आणि स्वभक्षण यांचे हिशेब सर्वत्र फिरू लागले. यीस्टवरील या निरीक्षणावरून माणसाने किती तास उपाशी राहावे याविषयी काहीही ठरवू नये, आणि मधुमेह असलेल्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय असा कोणताही प्रयोग स्वतःवर करू नये.

मानवी आरोग्याशी या विषयाचा जो नक्की ठाऊक असलेला संबंध आहे, तो वेगळा आहे आणि वर्गात तोच सांगावा. लयकारिकेतील एखादे विकर जन्मतःच नसेल, तर ज्या पदार्थाचे विघटन ते करते तो पदार्थ साठत जातो. पाँपे रोगात ग्लायकोजेन साठून हृदय व स्नायू दुबळे होतात. त्यामागे लयकारिकेतील एका विकराचा अभाव आहे, हे द द्यूव्ह यांचेच सहकारी आंरी-जेरी एर्स यांनी १९६३ मध्ये दाखवले. गोशे आणि टे-सॅक्स हे रोग याच गटातील आहेत, आणि त्यांत साठणारे पदार्थ मेदवर्गीय आहेत.

महाविद्यालयीन गटाला ओसुमी यांच्या पद्धतीने काम करायचे असल्यास पुण्यात असणे सोयीचे आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि त्यात यीस्टचे अनेक प्रकार जतन केलेले आहेत; गणेशखिंड येथे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. वाण मागवताना महाविद्यालयाच्या विभागामार्फतच पत्रव्यवहार करावा आणि हव्या असलेल्या उत्परिवर्तनाचा स्पष्ट उल्लेख करावा.

काम संपल्यावर न्यूट्रल रेडचे विरल द्रावण भरपूर पाण्याबरोबर सोडता येते. काँगो रेड मात्र बेसिनमध्ये ओतू नये. उरलेले रंगीत यीस्ट आणि त्याला लागलेले टिपकागद नाव लिहिलेल्या बंद बाटलीत साठवून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्याबरोबर द्यावेत. वापरलेल्या काचपट्ट्या साबणाच्या पाण्यात धुवून स्पिरिटने पुसून ठेवाव्यात, कारण काचेवर उरलेला रंग पुढच्या गटाच्या जिवंत पेशींत शिरून त्यांची तुलना बिघडवतो.